साडेसहा म्हणजे फर्स्ट क्लास

सोमवार, ४ फेब्रुवारी

नाटकाचं पान बंद झालं. दुपारी पुरवणीच्या संपादकबाईंनी काचेच्या खोलीत बोलावून सांगितलं. बाई वयाने माझ्या लेकीहून फार मोठ्या नसतील, पण वाईट बातमी देताना आवाज असा मऊ करतात की दात काढायच्या आधीचा डॉक्टर आठवावा.

"सर, नाटकाचं पान कुणी वाचत नाही हो."

"मी वाचतो की."

"तुम्ही ते लिहिता, सर."

पुढे म्हणाल्या, वाचक आता घरी बसून व्हिडिओ गेम खेळतात, तेव्हा त्यांची परीक्षणं द्यायची. परीक्षण म्हणजे शेवटी परीक्षणच. 'तिसरी रांग' हे माझं टोपणनावही तेच राहील. "सदर चाललं तर उत्तम. नाही चाललं, तर मग..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. जन्म नाटकं बघण्यात गेला, अर्धवट सोडलेलं वाक्य मला बरोबर कळतं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं." लेकीचा घास हातातच राहिला. दमलेली असते बिचारी. कुठल्याशा छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. काय करतेस म्हणून एकदा विचारलं होतं, तर "पुलांचं काम चालू आहे, बाबा" एवढंच म्हणाली. इंजिनियर लोकांना हिशेबाला लागत असेल काहीतरी.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

ऑफिसातून यंत्र आलं. टीव्हीखाली ठेवलं आहे, बुटांच्या खोक्याएवढं. हातात धरायचं ते वेगळं, त्याला दोन दांडे. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची. मी चालायला लागलो की मान छताकडे, आणि मान सरळ केली की पाय भिंतीत. जन्मभर सही करून जगलो आणि या वयात अंगठेबहाद्दर झालो.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोक तिच्याकडे गुडघे आणि खांदे घेऊन येतात, आता घरात माझा अंगठा. "इतका आवळून धरू नका," म्हणाली. मी म्हटलं, यंत्रच वाकडं आहे. "नाचता येईना..." एवढंच म्हणून ती आत गेली. उरलेली म्हण मला पाठ आहे.

लेकीने यंत्र घेतलं, सेटिंगमध्ये न बघितल्यासारखं काहीतरी दाबलं, आणि मान आपोआप सरळ राहायला लागली. हल्लीच्या मुलांना सगळंच येतं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

बाई म्हणतात, परीक्षणाखाली दहापैकी मार्क हवेत. लोक आधी आकडा बघतात, मग वेळ उरला तर मजकूर. नाटकाला मी कधी मार्क दिले नाहीत. ठीक आहे, पण द्यायचेच तर शिस्तीत द्यावेत. बसून माप ठरवलं. साडेतीनला पास. साडेचारला सेकंड क्लास. सहाला फर्स्ट क्लास. साडेसातला डिस्टिंक्शन, आणि ते सहसा द्यायचं नाही. आमच्या वेळी कुणाला फर्स्ट क्लास मिळाला की शेजारपाजारचे त्याला बघायला येत. हे नव्वद आणि पंच्याण्णव टक्के अलीकडचे. ते हुशारीने वाढलेले नाहीत, महागाईने वाढलेले आहेत.

पहिला गेम फुटबॉलचा. खेळाडूंच्या कपाळावरचा घाम फार छान काढला आहे. बाकी माझा गोलरक्षक स्वतःच्याच जाळ्यात चेंडू टाकत होता, पण तो माझा दोष असू शकेल. चार दिले. पास केलं आहे, तक्रारीला जागा नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

तक्रारीला जागा निघाली. पत्रांचा पाऊस. "आजोबा, टीव्ही बंद करा आणि झोपा," हे त्यातल्या त्यात सभ्य. एकाने लिहिलं आहे की चार मार्क देणाऱ्याला काळजाच्या जागी दगड असतो. मी उत्तर लिहायला बसलो होतो की बाबा रे, चार म्हणजे पास. बायकोने कागद काढून घेतला.

संपादकबाई खुशीत आहेत. "सर, नाटकाच्या पानाला वर्षात इतकी पत्रं आली नव्हती!"

"शिव्या आहेत हो सगळ्या."

"पत्रंच आहेत, सर."

सदर चालणार म्हणे. आज बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या जास्त गेल्या.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

लढाईचा गेम. पाच मार्क. सेकंड क्लास, केवळ पार्श्वसंगीताच्या जोरावर. त्या गेमच्या चाहत्यांनी माझं व्यंगचित्र काढलं आहे. मला त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, तरी टक्कल अगदी माझंच आहे.

बुधवार, २७ फेब्रुवारी

नवा गेम हातात आला, 'पुलावरचा माणूस'. याच शहरातल्या पाचसहा पोरांनी मिळून केलेला आहे. नदीला पूर येणार आहे, एक मुलगी पूल बांधत जाते, आणि पुलांची तपासणी करणारा एक म्हातारा मागून येऊन प्रत्येक पूल ठोकून बघतो. आपण ती मुलगी व्हायचं. म्हाताऱ्याने पसंत केलं तरच पुढचा पूल.

जेवताना सांगितलं. लेकीच्या हातातून पाण्याचा पेला सुटला.

"तुम्ही? तुम्ही करणार परीक्षण?"

"मग कोण करणार?"

"बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"त्या गेमबद्दल?"

"हो."

मी हात वर केला. परीक्षण छापून येईपर्यंत मी कुणाचं मत ऐकत नाही, बायकोचंसुद्धा नाही. हा माझा जुना नियम. लेकीने आईकडे पाहिलं, आईने आमटीकडे पाहिलं, आणि विषय संपला. नियमाचा फायदाच हा की वाद होत नाहीत.

रविवार, ३ मार्च

गेम बरा आहे. बरा म्हणजे, मी जेवायचं विसरलो.

मुलगी चिवट आहे. पूल पडला की रडत बसत नाही, फळ्या गोळा करायला लागते. तो म्हातारा मात्र अशक्य आहे. आपण घाम गाळून पूल उभारावा, आणि याने काठीने ठोकून म्हणावं, "ठीक आहे, पण डावीकडचा खांब बघ." प्रत्येक वेळी सुरुवात "ठीक आहे, पण"ने. असा माणूस कुणाच्या घरात असेल तर त्या घरच्यांची मला दया येते. मी बायकोला तसं म्हटलंही. ती उशीचे अभ्रे बदलत होती. अभ्रा तोंडात धरून बराच वेळ थरथरत होती. धुळीची ॲलर्जी असावी.

लेक रोज विचारते, "कुठपर्यंत आलात?" पाचवा पूल म्हटलं की विचारते, "तिथे थांबून मागे बघितलंत का?" हिला काय ठाऊक? ऑफिसात खेळत असतील सगळे. अशाने पुलांची कामं कशी व्हायची?

गुरुवार, ७ मार्च

शेवटचा पूल काही केल्या ओलांडता येत नाही. अंगठा सुजला आहे. बायकोने पट्टी बांधून दिली, वर म्हणाली, "तिसरा अंक न बघता घरी येणारे तुम्ही नव्हे." खरं आहे, पण मजकूर उद्या द्यायचा आहे. परीक्षणात स्पष्ट लिहिलं की शेवटचा पूल मी पाहिलेला नाही. लपवाछपवी नको.

बाकी असं लिहिलं: "म्हाताऱ्याचं पात्र अतिरंजित आहे. इतका कुरकुर करणारा माणूस प्रत्यक्षात नसतो. तरीही त्याने एकदा तरी चांगलं म्हणावं म्हणून मी सात पूल पुन्हा पुन्हा बांधले, हे लिहिणाऱ्याचं यश. लिहिणाऱ्याला माणसं कळतात. बाकी खटकलेलं खाली देत आहे." खटकलेलं जरा लांबलं.

मार्क देताना दोनदा विचार केला. साडेसहा दिले. फर्स्ट क्लास, वर अर्धा मार्क शिल्लक. इतके मी आजवर कुणाला दिलेले नाहीत.

शनिवार, ९ मार्च

परीक्षण छापून आलं. संध्याकाळी लेक आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आली. डोळे लाल. दिवसभर पडद्याकडे बघून दुसरं काय होणार?

"कशाचं आइस्क्रीम?"

"आमच्या एका कामाचा रिझल्ट लागला. ऑफिसात सगळे रडतायत. त्यांना वाटतंय नापास झालो."

"आणि तू?"

"मला नाही तसं वाटत," असं म्हणून तिने माझ्या वाटीत चार चमचे वाढले. बायको नेहमी मला एकच देते. आज तिनेही अडवलं नाही.

सोमवार, ११ मार्च

आजचा दिवस वाईट गेला. संपादकबाईंनी काचेच्या खोलीत बोलावलं, दाताच्या डॉक्टरच्या आवाजात.

"सर, साडेसहा? इतका वाईट आहे तो गेम?"

"वाईट? फर्स्ट क्लास दिलाय मी!"

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. एक वेबसाइट आहे, ती सगळ्या परीक्षकांचे मार्क गोळा करून शंभरपैकी सरासरी काढते. आमच्या पुरवणीला त्यांनी गेल्याच आठवड्यात यादीत घेतलं, कारण आमच्याबद्दल फार बोललं जातं. इतरांनी या गेमला बहुतेक आठ, क्वचित साडेआठ, नऊ असे मार्क दिले होते. माझ्या साडेसहाने सरासरी ऐंशीच्या खाली गेली. त्या पोरांना एक मोठी कंपनी दुसरा भाग करायला देणार होती, अट एकच, महिनाअखेरीस सरासरी ऐंशी हवी. नसली तर त्यांचं दुकान बंद.

"सर, या धंद्यात सातच्या खाली सगळे नापास."

"मग एक ते सहा हे आकडे ठेवलेत कशाला?"

"शोभेला, सर."

मी म्हटलं, मार्क बदला. तर म्हणे, बदलता येत नाहीत. ती वेबसाइट पहिलाच आकडा धरते, नाहीतर जो तो फोन करून वाढवून घेईल. नियम उत्तम आहे. मी केला असता तर असाच केला असता. म्हणून जास्तच चीड आली.

पाचसहा पोरं आहेत. मी त्यांचं कौतुक केलं आणि त्याच वाक्याने त्यांना बुडवलं. फार वाईट वाटतं आहे. घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "तुम्ही बरोबरच मार्क दिलेत, बाबा." उगाच समजूत काढते.

रविवार, १७ मार्च

निदान शेवटचा पूल तरी बघावा, म्हणून दुपारी बसलो. बायको शेजारी बसली. यंत्राला हात लावला नाही, फक्त "अंगठा सैल" म्हणत राहिली. चार वाजता पूल उभा राहिला.

म्हातारा आला. मी खटकलेलं ऐकायच्या तयारीत. त्याने काठी उचलली, पुलाकडे पाहिलं, आणि काठी बाजूला ठेवली. ठोकून न बघताच तो पुलावर चालायला लागला. मध्यावर थांबून म्हणाला, "ठीक आहे." पुढचा 'पण' आलाच नाही. मी वाट बघत होतो. नाहीच आला.

मी नाटकगृहात कधी रडत नाही. परीक्षकाने रडू नये, मजकुराला ओल येते. घरी रडलो.

मग नावं आली. नाटकात ती पडदा उघडण्याआधी सांगतात, इथे शेवटी येतात आणि वर पळत सुटतात. 'कथा आणि संवाद' याच्यापुढे आमच्या लेकीचं नाव होतं.

"बघ," मी म्हटलं, "नावासारखी नावं असतात."

"अहो, बापाच्या नावासकट?" बायको म्हणाली.

मधे माझं नाव होतं. शेवटी दारावरच्या पाटीवरचं आडनाव. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी आजवर इतरांबद्दल लिहीत आलो. बायकोला पहिल्यापासून सगळं माहीत, पण ताकास तूर लागू दिली नाही. "तिनेच सांगू नको म्हटलं. एकदा तरी बाबांनी माझं काम परकं समजून बघू दे, म्हणाली."

मग मला दुसरं काहीतरी सुचलं. "म्हणजे तो म्हातारा..."

"मी काही बोलत नाही," बायको म्हणाली.

"ठीक आहे, पण मी काही इतका..." म्हणालो, आणि तिथेच थांबलो.

सोमवार, १८ मार्च

रजा टाकली. लेक कामावर गेली आहे, तिला अजून काही बोललो नाही.

सकाळी संपादकबाईंना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, परीक्षक नात्यातला निघाला तर ती वेबसाइट काय करते? म्हणाल्या, मग ते परीक्षण धरतच नाहीत, काढून टाकतात. "आणि आपला पेपर?" "पेपर त्याचं सदर काढून टाकतो, सर. का हो?" मी म्हटलं, सहज.

म्हणजे सरळ आहे. गप्प बसलो तर सदर राहतं. 'तिसरी रांग' म्हणजे कोण, हे बाहेर कुणाला माहीत नाही. बोललो तर लेकीचा गेम वर जातो आणि मी घरी बसतो. नाटकाचं पान गेलं तेव्हा निदान हातात काहीतरी दिलं होतं. आता काही देणार नाहीत. मला भीती वाटते, खोटं कशाला लिहू? लिहिण्याशिवाय मला काही येत नाही. घरी बसून मी बायकोच्या स्वयंपाकाला मार्क द्यायला लागेन आणि तिसऱ्या दिवशी ती मला घराबाहेर काढील.

बायकोला विचारलं, काय करू? म्हणाली, "मला विचारताय म्हणजे ठरवलंयत."

मंगळवार, १९ मार्च

सांगून टाकलं. संपादकबाई आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग पुन्हा हसल्या. "सर, लोक आपला तो बाब्या म्हणतात. तुम्ही आपल्याच बाब्याला कार्टं केलंत! सगळ्यांत कमी मार्क बापाचे!"

"सगळ्यांत जास्त आहेत ते. माझ्या मापात."

उद्या छापायचा खुलासा त्यांनी लिहून आणला. "गुणदानातील चुकीबद्दल दिलगीर आहोत." मी ते खोडलं. चूक गुणदानात नव्हती. बराच वेळ वाद झाला, शेवटी माझं वाक्य राहिलं: "मार्क बरोबर होते, परीक्षक चुकीचा होता. तो गेमच्या लेखिकेचा बाप आहे." माझं पेपरातलं हे शेवटचं वाक्य. बरं जमलं आहे.

टेबल आवरलं. बाई दारापर्यंत आल्या. त्यांचा आवाज आज मऊ नव्हता, नीट माणसासारखा होता. म्हणाल्या, "नाटकाचं पान मी वाचायचे, सर. कॉलेजात असताना." हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

बुधवार, २० मार्च

खुलासा छापून आला. लेकीने तो ऑफिसात वाचला असणार. घरी आली ती सरळ खोलीत, दार बंद. मला वाटलं होतं, धावत येईल. बायको म्हणाली, राहू द्या तिला. राहू दिलं.

शुक्रवार, २९ मार्च

लेक आज लवकर आली. मी खिडकीपाशी बसून काही करत नव्हतो, हल्ली तेच करतो. ती समोर स्टूल घेऊन बसली.

"दुसरा भाग मिळाला, बाबा. सरासरी एक्क्याऐंशी. आज सह्या झाल्या."

"छान झालं," मी म्हणालो. मला खरंच फार आनंद झाला, पण तिचा चेहरा आनंदाचा दिसेना. दहा दिवस माझ्याशी धड बोललेली नाही.

"अगं, मग रागावलीस कशाला? सरासरी माझ्यामुळे खाली आली होती, मीच वर जाऊ दिली."

"तुम्ही तो साडेसहा काढायला लावलात म्हणून." तिचा आवाज फुटला. "लोकांनी नऊ दिले, साडेआठ दिले, त्यांना काय, ते सगळ्यांनाच देतात. ऑफिसात सगळे डोकं धरून बसले होते आणि मी एकटी हसत होते. मला वेड लागलं असं वाटलं त्यांना. साडेसहा म्हणजे काय ते मला माहीत होतं ना! इतके तुम्ही कुणाला देता? आणि आता तो कुठेच नाही. काढून टाकला. बाबा, माझं सदर असतं तर मी आधी विचारलं असतं."

मी तिच्यासाठी सदर सोडलं म्हणून मनातल्या मनात मोठा होऊन बसलो होतो. तिला जे हवं होतं ते मीच नेऊन पुसलं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ते परीक्षण तसंही अर्धंच होतं," मी म्हणालो. "शेवटचा पूल मी तेव्हा पाहिला नव्हता."

"मग पाहिलात?"

"पाहिला."

तिने स्टूल जवळ ओढलं. नुसती बघत राहिली. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतकी वर्षं मार्क जपून जपून दिले, पण तोंडावर कधी दिले नव्हते. कागदावर सोपं असतं.

"सात," मी म्हणालो.

"काय?"

"दहापैकी सात. पक्के. सुरुवातीचा दुसरा पूल लांबला आहे, ते कापायला हवं होतं."

लेक ताडकन उठली. स्टूल आडवं झालं. दारापर्यंत जाऊन ती शाळेतून आल्यासारखी ओरडली, "आई! बाबांनी सात दिले!" आणि आत बायकोच्या हातातून काहीतरी मोठ्याने खाली पडलं.